अ‍ॅप, स्टार्टअप आणि त्यांच्या बातम्या: मोंढ्यात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, आडत दुकानांच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर बसवतो आणि सांभाळतो. सौदा, माप, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी (म्हणजे विक्रीचा हिशोब), सगळं संगणकावर चढवायचं काम. गल्ल्याजवळ बसून काम चालतं, त्यामुळं तिथं बसलेली माणसं मोबाइल पुढं करून विचारतात, "सर, हे खरं आहे का?" तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

बातमी खरी की जाहिरात, हे पटकन कसं ओळखायचं?

मी आधी क्रियापद बघतो. मराठी वाक्यात ते शेवटी येतं आणि आपली नजर मथळ्याच्या सुरुवातीलाच अडकते. 'देशातलं पहिलं', 'क्रांतिकारी', 'शेतकऱ्यांसाठी खास' हे शब्द बोटानं झाका आणि शेवट वाचा. 'उभारणार', 'मिळणार', 'बदलणार' असं असेल तर ती घोषणा आहे. घोषणा खोटीच असते असं मी म्हणत नाही. पण तिच्या जिवावर कर्ज काढू नका, पोराचा कोर्स निवडू नका आणि जमिनीचा व्यवहार करू नका.

खरा बदल बहुतेक वेळा बातमीच्या आधी डोळ्यांना दिसतो. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि त्याच वर्षी 5 सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली. त्यानंतर मोंढ्यातले हमाल दुपारच्या सुट्टीत पोत्यांच्या थप्पीला टेकून व्हिडिओ बघायला लागले. पुढं चहाच्या टपरीवर क्यूआर कोड लागला. हे पटवायला कुणाला मथळा लागला नाही.

"पीकविमा खात्यात जमा झाला" असा व्हिडिओ रोज येतो. खात्यात तर काहीच नाही. मग?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यात लोकांची सगळ्यात जास्त फरफट होते, म्हणून सविस्तर सांगतो. इथं माझी क्रियापदाची कसोटी अपुरी पडते, कारण 'झाला' हेच खोटं असतं.

सरकारी पैशाच्या बाबतीत तीन शब्द वेगवेगळे धरा: मंजूर, वितरित, जमा. मंजूर म्हणजे कागदावर निर्णय झाला. वितरित म्हणजे रक्कम वरच्या कार्यालयाकडून खाली निघाली. जमा म्हणजे तुमच्या बँकेचा संदेश आला किंवा पासबुकात नोंद पडली. या तीन पायऱ्यांमध्ये कधी काही आठवडे जातात, कधी महिने. यूट्यूबवरचा पोरगा पहिल्या पायरीचा कागद दाखवतो आणि तिसऱ्या पायरीचा शब्द मथळ्यात टाकतो. चॅनेलला पैसे किती लोकांनी किती वेळ बघितलं यावर मिळतात. लांब व्हिडिओंच्या चॅनेलला जाहिरातीतला वाटा मिळायला आधी 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तास बघितलेला वेळ भरावा लागतो. कोरडवाहू गावात 'जमा' या शब्दाइतकी ओढ दुसऱ्या कुठल्याच शब्दाला नाही, हे त्या पोराला चांगलं माहीत असतं. तोही आपल्यातलाच आहे, पण हे त्यानं करू नये असं मला मनापासून वाटतं. त्या मथळ्यावर भरवसा ठेवून एखादी म्हातारी एसटीचे पैसे घालून तालुक्याच्या बँकेत येते, रांगेत उभी राहते आणि तशीच परत जाते. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

तपासायचं कसं? शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर असतात आणि प्रत्येकाला संकेतांक असतो. व्हिडिओवाला तो क्रमांक सांगत नसेल तर पुढं बघू नका. सांगत असेल तर निर्णय उघडून कुठला जिल्हा, कुठला हंगाम, कुठली तारीख एवढं वाचा. निम्म्या वेळा तो मागच्या हंगामाचा निघतो.

अतिवृष्टीच्या अनुदानाचं आणखी वेगळं आहे. तलाठ्याच्या यादीत नाव लागतं, विशिष्ट क्रमांक पडतो, ज्याला सगळे व्हीके नंबर म्हणतात, आणि बरेचदा सेवा केंद्रात जाऊन ई-केवायसी करावी लागते. तोवर पैसे हलत नाहीत. शिवाय आधारवरून येणारी रक्कम तुम्ही सांगितलेल्या बँकेत जात नाही. आधार शेवटचं ज्या बँकेशी जोडलं गेलं, तिथं जाते. कुठल्या तरी बँकेचं खातं पोरानं मोबाइलवर उघडलं आणि बाबांचं अनुदान तिकडं जाऊन पडलं, अशी प्रकरणं माझ्याकडं दर हंगामात येतात. आधी ते बघा, मग तलाठ्याशी भांडा.

अमुक कंपनी 1,000 कोटींची झाली म्हणतात. एवढे पैसे असतात का तिच्याकडं?

नसतात. औसा रोडला तुमची एक एकर जमीन आहे असं धरा, म्हणजे 40 गुंठे. त्यातला 1 गुंठा पुण्याच्या माणसानं 20 लाखांना घेतला. लगेच गावात बोभाटा होतो की हे 8 कोटींचे मालक झाले. हातात आले 20 लाख. उरलेले 39 गुंठे त्या भावानं कुणी घेईलच असं नाही. स्टार्टअपचं मूल्यांकन असंच निघतं. गुंतवणूकदार थोडा हिस्सा ज्या भावानं घेतो, तो भाव सगळ्या कंपनीला लावला जातो.

त्यात आणखी एक गोम असते. "कंपनी विकायची वेळ आली तर आधी माझे पैसे परत, मग बाकीच्यांचे," अशी अट गुंतवणूकदार बहुधा करारात घालून ठेवतो. तुमच्या 1 गुंठ्याच्या खरेदीखतात अशी अट नसते. म्हणजे त्यानं दिलेला भाव हा नुसत्या हिश्श्याचा नसतो, त्या संरक्षणाचाही असतो. मथळ्यात फक्त भाव येतो.

1 अब्ज डॉलरच्या खाजगी स्टार्टअपला 'युनिकॉर्न' म्हणायची पद्धत 2013 पासूनची, एका अमेरिकी गुंतवणूकदार बाईंनी सुरू केलेली. तेव्हा अशा कंपन्या दुर्मीळ होत्या, म्हणून शिंगवाल्या काल्पनिक घोड्याचं नाव. आपल्याकडच्या बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचं मूल्यांकन 2022 मध्ये 22 अब्ज डॉलरवर गेलं होतं आणि जुलै 2024 मध्ये क्रिकेट मंडळाच्या सुमारे 158 कोटींच्या थकबाकीवरून ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्या गावांत तिच्या जाहिराती पोहोचल्या, तिथल्या पालकांना 22 अब्ज हा आकडा भरवशाचं प्रमाणपत्र वाटला होता. माझा राग या गोष्टीवर आहे. मूल्यांकनाची बातमी देणाऱ्यानं त्याच वाक्यात विक्री किती आणि तोटा किती हेही लिहायला हवं.

माझ्या मुलाला स्टार्टअप काढायचंय. काढू द्यावं का?

त्याला एकच विचारा: पहिला पैसे देणारा माणूस कोण? नाव सांगता आलं तर काढू द्या.

हे मी स्वतःच्या अनुभवातून बोलतो. काही वर्षांपूर्वी मी शेतकऱ्यांना बाजारभाव दाखवणारं एक अ‍ॅप बनवलं. आठ महिने घातले. कुणी वापरलं नाही. नंतर बांधावर जाऊन विचारलं तेव्हा कळलं की भाव त्यांना आडत्याच्या एका फोनवर कळतो. त्यांना तीन गोष्टी पाहिजे होत्या: माप बरोबर झालं का, ओलाव्यापोटी किती कापलं आणि पट्टीचे पैसे कधी मिळणार. मी न विचारताच उत्तर बनवत बसलो होतो. आता माझ्या सॉफ्टवेअरमधून माप होताच शेतकऱ्याला वजनाचा संदेश जातो आणि त्यासाठी आडते पैसे देतात, कारण भांडणं कमी झाली.

मदत मिळते. केंद्राची स्टार्टअप इंडिया योजना 16 जानेवारी 2016 पासून आहे आणि छत्रपती संभाजीनगरला उद्योजकांनी उभं केलेलं मॅजिक हे केंद्र मराठवाड्यातल्या नव्या उद्योगांना मार्गदर्शन करतं. तिथं जाऊन यावं. पण तिथं जायच्या आधी मोंढ्यात, एमआयडीसीत, दूध संकलन केंद्रावर दोन महिने नुसतं बसावं.

"एआय आमच्या नोकऱ्या खायलंय म्हणायलेत, खरं काय?"

काही कामं जातील, काही गेलीच आहेत. अर्ज टाइप करणं, सोपं भाषांतर, ठोकळेबाज वेबसाइट, एवढ्यावर चालणारी टायपिंगची दुकानं मोकळी पडायला लागलीत. पण पोरांनी भीतीपेक्षा ते चालतं कसं हे समजून घ्यावं.

30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी लोकांसमोर आलं. अशी यंत्रणा अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द कुठला येईल याचा अंदाज बांधायला शिकलेली असते. मजकूर जितका जास्त, तितका अंदाज पक्का. मराठीचा मजकूर इंटरनेटवर इंग्रजीच्या मानानं फार थोडा आहे. आणखी एक अडचण साठवणुकीची. यूटीएफ-8 या रूढ पद्धतीत इंग्रजी अक्षराला 1 बाइट (साठवणुकीचं माप) लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3. 'शेतकरी' लिहायला श, मात्रा, त, क, र आणि वेलांटी अशी 6 चिन्हं, म्हणजे 18 बाइट. त्याच अर्थाचा इंग्रजी शब्द 6 बाइटांत बसतो. यामुळं सुरुवातीच्या यंत्रणा मराठी शब्दाचे बारीक बारीक तुकडे करायच्या, वेळ जास्त घ्यायच्या आणि महागही पडायच्या. हळूहळू सुधारणा होतेय.

शेतीसाठी वापरताना फार सांभाळा. मी एका अ‍ॅपला सोयाबीनवरच्या फवारणीची मात्रा विचारली. त्यानं हेक्टरची मात्रा एकरी म्हणून सांगितली, तीही इतक्या ठाम भाषेत की नवख्या माणसाला शंकाच येणार नाही. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. तेवढं औषध मारलं तर पीक करपेल आणि फवारणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतेल. औषधाच्या डब्यावरचं लेबल वाचा किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस बघा. प्रश्न नीट मांडायला एआयची मदत घ्या, मात्रा ठरवायला घेऊ नका.

तुम्ही सगळ्यांना युनिकोड, युनिकोड म्हणून का मागं लागता?

कारण वरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला संगणकासाठी एक ठरावीक क्रमांक देणारी पद्धत. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 पासून, अगदी पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरीही आपल्याकडं छपाईची दुकानं, साप्ताहिकं आणि कितीतरी कार्यालयं वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टमध्ये काम करत राहिली. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर, ज्यावर 'क'चं चित्र चिकटवलंय. फॉन्ट काढला की मजकुराचा चिखल होतो. शोध घेणाऱ्या यंत्राला तो मजकूर मराठी आहे हेच कळत नाही.

याचा तोटा किती खोल आहे बघा. आमच्या जिल्ह्यातली छोटी साप्ताहिकं, ग्रामपंचायतींचे अहवाल, शाळांची वार्षिकं, 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनावर गावागावांत लिहिलं गेलेलं लिखाण. जे संगणकावर आलं, त्यातलंही पुष्कळ याच जुन्या फॉन्टमध्ये अडकलंय. शोधून सापडत नाही. मग एआयला मराठवाड्याबद्दल विचारलं की ते दुष्काळाची चार वाक्यं सांगतं. आपण लिहिलं नाही म्हणून असं झालेलं नाही. लिहिलं, पण अशा पेटीत ठेवलं की किल्लीच राहिली नाही. फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, काम कंटाळवाणं आहे, पण होतं. कुणाकडं जुन्या अंकांच्या फाइली असतील तर पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडं या. मी याचे पैसे घेत नाही.

आणि लिहिताना 'दऱ्या' आणि 'दर्या' यातला फरक राखा. पहिल्या म्हणजे डोंगरांतल्या, दुसरा म्हणजे समुद्र. 'दऱ्या'तल्या त्या आडव्या रफारासाठी युनिकोडनं वेगळी सोय केलेली आहे. ज्या सॉफ्टवेअरला हा फरक जमत नाही, त्याच्या विक्रेत्याला तसं स्पष्ट सांगा. ग्राहकानं मागितल्याशिवाय कुणी दुरुस्त करत नाही.

झटपट कर्ज देणारं अ‍ॅप घ्यावं का?

घेऊ नये असंच मी सांगतो. घ्यायचंच असेल तर रिझर्व्ह बँकेचे डिजिटल कर्जाचे नियम लक्षात ठेवा. पैसे बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यायला हवेत, मधल्या कुणाच्या खात्यातून नाहीत. वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत आधी सांगायला हवा. तुमची संपर्कयादी आणि फोटो बघायची अ‍ॅपला नियमानं परवानगी नाही. जे अ‍ॅप सुरुवातीलाच संपर्कयादी मागतं, ते हप्ता चुकल्यावर तुमच्या सोयऱ्यांना फोन लावायची तयारी करतंय असं समजा आणि काढून टाका.

पोलिसाच्या वेशातल्या माणसाचा व्हिडिओ कॉल आला, "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात" म्हणाला. काय करू?

फोन ठेवा. असली अटक कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला 1930 वर फोन करा, उद्यावर टाकू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरायच्या आत गोठवता येतात, नंतर अवघड. आणि घरात सांगा. माझ्या ओळखीचे निवृत्त गुरुजी लाजेनं चार दिवस गप्प बसले, त्यातच सगळं गेलं. ही लाज फसवणाऱ्याची आहे, गुरुजींची नाही.

सॉफ्टवेअरचं अपडेट आलं की लगेच टाकावं का?

मोबाइलचं आणि बँकेच्या अ‍ॅपचं सुरक्षा अपडेट लगेच टाका. दुकानाच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं मी सोयाबीनच्या आवकेत, दसरा ते दिवाळी, कधीच टाकत नाही.

19 जुलै 2024 आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळं जगभरात सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दोष एका फाइलचा होता, पण ती एकाच वेळी सगळीकडं गेली आणि पुष्कळ ठिकाणी संगणक एक एक करून हातानं दुरुस्त करावे लागले. तेव्हापासून मी आधी एका दुकानात टाकतो, चार दिवस बघतो, मग बाकीच्या दुकानांत.

फुकट सॉफ्टवेअर भरवशाचं असतं का?

ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो, ते बरेचदा असतं. 2024 च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दिसलं की सर्व्हरमध्ये लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्यानं पिच्छा पुरवला आणि एक्सझेड या फुकट वापरल्या जाणाऱ्या साधनात कुणीतरी मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा सापडला. कोड उघडा होता म्हणून शोधता आला, हे खरं. पण तो सांभाळणारा माणूस एकटा, थकलेला आणि बिनपगारी होता म्हणून चोर आत शिरू शकला, हेही खरं. आपण वापरतो त्याला थोडे पैसे द्यावेत.

शेवटच्या तारखेला पोर्टल बंदच का पडतं?

मोंढ्याला एकच फाटक आहे आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी सगळे ट्रॅक्टर एकदम आले तर जे होईल, तेच. फाटक रुंद करता येतं, पण त्यासाठी आधी तेवढी गर्दी सोडून चाचणी घ्यावी लागते. ती घेतली जात नाही. गाववार वेगवेगळ्या तारखा दिल्या तरी अर्धा त्रास मिटेल. मी एका योजनेच्या पोर्टलसाठी हे दोनदा लेखी कळवलंय आणि पुन्हा कळवणार आहे.

गावाकडच्या बातमीदाराला तंत्रज्ञानाचं काय कळतंय?

असं म्हणू नका. तालुक्याच्या बातमीदाराचं मानधन किती असतं आणि त्याला जाहिराती किती आणाव्या लागतात, हे विचारून बघा. कंपनीचं प्रसिद्धिपत्रक तयार मराठीत हातात येतं, अंक सोडायची वेळ झालेली असते, ते तसंच छापून जातं. दोष त्या व्यवस्थेचा आहे.

हैदराबाद मुक्तिसंग्रामात लढलेले अनंत भालेराव नंतर औरंगाबादेत दैनिक 'मराठवाडा'चे संपादक होते. सत्तेला प्रश्न विचारणारी पत्रकारिता या मातीत झालेली आहे. आज तसेच प्रश्न स्क्रीनमागच्या सत्तेलाही विचारायला हवेत. आपण एवढं करू शकतो: अंक विकत घ्यायचा, आणि 'उभारणार' अशी बातमी आली की वर्षानं बातमीदाराला फोन करून विचारायचं, "दादा, त्याचं पुढं काय झालं?" मी असे फोन करतो. त्यातून आतापर्यंत दोन बातम्या झाल्या.

कोणता मोबाइल घेऊ?

ज्याला पुढची चार वर्षं सुरक्षा अपडेट मिळणार असं कंपनीनं लेखी दिलंय तो. कॅमेऱ्याचे आकडे नंतर बघा.

औंढ्याजवळ लायगो होणार म्हणतात. आमच्या पोरांना नोकऱ्या लागतील का?

हिंगोलीकडून माल घेऊन आलेला माणूस हमखास हेच विचारतो. लायगो म्हणजे गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशात उठणारे अतिसूक्ष्म तरंग, पकडणारं वैज्ञानिक केंद्र.

इथं क्रियापद 'होणार' आहे, पण ही घोषणा पोकळ नाही. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या दोन लायगो केंद्रांनी गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा पकडल्या आणि 11 फेब्रुवारी 2016 ला जगाला सांगितलं. त्याच महिन्यात आपल्या सरकारनं भारतातल्या केंद्राला तत्त्वतः मान्यता दिली. अंतिम मंजुरी एप्रिल 2023 मध्ये मिळाली, खर्च सुमारे 2,600 कोटी. तत्त्वतः ते अंतिम यात सात वर्षं गेली, हे लक्षात असू द्या आणि पुढचा अंदाज त्यावरून बांधा.

काम असं: काटकोनात दोन बाहू, प्रत्येकी 4 किलोमीटर लांब, आतून हवा काढलेल्या नळ्या, त्यात लेझर. लहर गेली की बाहूंच्या लांबीत प्रोटॉनपेक्षाही कितीतरी पटीनं लहान फरक पडतो आणि तो मोजायचा. अमेरिकेपासून दूर आणखी एक केंद्र असलं की लहर आकाशात कुठून आली ते जास्त नेमकं सांगता येतं.

एवढं सूक्ष्म मोजायचं तर जमीन शांत लागते. अवजड वाहतूक, मोठे कारखाने, खाणी जवळ नकोत. म्हणून "लायगो आलं की भोवती एमआयडीसी येईल" असं सांगून कुणी प्लॉट विकत असेल तर घेऊ नका, कारण त्या यंत्राला नेमकं तेच चालत नाही. बांधकाम, वीज, देखभाल ही कामं निघतील. निर्वात यंत्रणा, इलेक्ट्रॉनिक्स, लेझर, माहितीचं विश्लेषण यांसाठी शिकलेली पोरं लागतील, आणि ती हिंगोलीची असावीत असं वाटत असेल तर अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या वर्गाला आज शिक्षक आणि प्रयोगशाळा पाहिजे. मागच्या महिन्यात औंढ्याचे एक काका हे ऐकून म्हणाले, "आमच्या कॉलेजात प्रयोगाच्या खोलीला कुलूपच आहे." मी त्यांना म्हणालो, चला, प्राचार्यांना अर्ज लिहू. युनिकोडमध्ये टाइप करून, दोन प्रती काढून दिल्या. एकीवर पोच घेऊन ठेवा म्हणून सांगितलंय.